नमुना एक्केचाळीस

ससूनमधून डबा आला तेव्हा बर्फ निम्मा वितळलेला.
चिठ्ठीवर एवढंच: स्त्री, त्रेपन्न, मधुमेह, डावा पाय.
नाव नसतं. विचारायचंही नसतं.
संमतीचा कागद तिकडेच राहतो,
सहीचा की अंगठ्याचा, कळत नाही.
नखाएवढा तुकडा,
कडेला जुन्या जखमेची राखाडी रेघ.

पाषाणला आमच्या खोलीत, सदतीस अंशांवर,
तिच्या पेशी महिनाभर जगतायत.
गुलाबी पाणी पितात. पिवळं पडलं की समजायचं, भुकेल्या.
दर दोन दिवसांनी, रविवार असला तरी,
दोन बस बदलून मी येते त्यांना जेवू घालायला.
आई म्हणते, एवढं माझं करत जा कधी.

तबकडीचा तळ भरला की पिपेटच्या टोकानं
मधोमध एक ओरखडा ओढायचा.
सरळ. एकदाच. हात कापता कामा नये.
जखमेचा अभ्यास करायचा तर आधी जखम करावी लागते,
हे प्रबंधाच्या पहिल्या पानावर
कुणी लिहीत नाही.

मग थांबायचं. शून्य तास, सहा, बारा, अठरा.
निरोगी पेशी सहाव्या तासालाच काठावरून ओणवतात,
पाय पुढे सोडून बघतात, पलीकडून हाक आल्यासारख्या.
एक्केचाळीसच्या नाहीत.
त्या जागच्या जागी तापून बसलेल्या,
चोर केव्हाच पळाला तरी
सगळे दिवे लावून, काठ्या घेऊन
जिन्यात बसून राहिलेल्या सोसायटीसारख्या.
रोग रोग म्हणतो तो निम्म्या वेळा हाच:
सूज येणं नव्हे,
आलेल्या सुजेला परतीची वाट न सापडणं.

औषधाला अजून नाव नाही, नुसता आकडा.
पहिल्याच दिवशी दिलं तर फट झरझर मिटली.
आम्ही चहा सांगितला, क्रीमरोलसुद्धा.
सातव्या दिवशी रंग घालून पाहिलं
तर नुसते दोर. एकाच दिशेनं ताणलेले, राठ.
डॉ. हळबे भिंगावरून डोळा न काढता म्हणाल्या,
हे भरणं नाही गं. हे बुजवणं.
पुण्याच्या रस्त्यांवरून रोज येऊन
हा फरक मला आधी कळायला हवा होता.

म्हणून मग तिसऱ्या दिवशी दिलं,
राग थोडा ओसरू दिल्यावर.
काहीच होईना.
गुरुवार होता, वीज गेलेली, जनरेटर कण्हत होता.
तांबोळीभाई, बावीस वर्षं या कपाटांची राखण करणारे,
दाराला पाठ लावून उभे:
सारखं उघडू नका मॅडम,
बघितल्यानं लवकर होत नाही.

अठ्ठेचाळिसाव्या तासाला एक पेशी,
एकच, काठ सोडून निघालेली.
मागे दुसरी.
तिसरी होती की धूळ, यावर अजून वाद आहे.

बारा तबकड्यांपैकी पाचांत.
अहवालात 'आशादायक' लिहावं का यावर
दोन दिवस भांडले, माझ्याशीच,
आणि शेवटी लिहिलं: बारापैकी पाच.

परवा म्हसोबा गेटच्या थांब्यावर
एक बाई, पन्नाशीच्या, डाव्या पायाला पट्टी,
चप्पल बसेना म्हणून हातात धरलेली.
अशा हजारो असतील या शहरात.
तरी तोंडातून गेलंच, बरं आहे का आता?
ओळख असल्यासारखं त्यांनी पाहिलं माझ्याकडे,
म्हणाल्या, बरं म्हणायचं.

बस आली. आधी उजवा पाय चढवला त्यांनी,
मग दांडी घट्ट धरून डावा,
दुसऱ्या कुणाची वस्तू उचलावी तसा.
कंडक्टर, कधी नव्हे तो, थांबला.

माझी बस उलट्या दिशेची.
बाराव्या तासाचा फोटो काढायचा होता.